फुलेवाडी ते सांगरूळ फाटा: गाडीतल्या सीबी रेडिओच्या नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार

गेल्या डिसेंबरात दाजीपूरचं अभयारण्य करून आम्ही फोंडा घाट उतरत होतो. माझी बोलेरो पुढं, मेव्हण्याची थार मागं. मी घाट उतरून फोंड्यात टपरीवर तीन चहा संपवले तरी हा पठ्ठ्या खाली येईना. घाटात मोबाइलला रेंज नाही. शेवटी गाडी वळवून वर गेलो, तर एका वळणावर टायर पंक्चर करून बसलेला, आणि जॅकचा दांडा माझ्या गाडीत. त्या दिवशी ठरलं की दोन्ही गाड्यांत रेडिओ पाहिजे.

सेट दोघांचेही सारखेच, 27 मेगाहर्ट्झचे, 40 चॅनेलचे सीबी, म्हणजे सिटिझन बँडचे, गाडीतून गाडीत बोलायचे वायरलेस. परवान्याचं आधीच बघून ठेवलं होतं. आपल्याकडं 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंत 2005 पासून बिनपरवाना खुला आहे. अट अशी की आपल्यामुळं दुसऱ्याला व्यत्यय येता कामा नये, आणि दुसऱ्यामुळं आपल्याला आला तर तक्रार करायची सोय नाही. यात एक मेख आहे. सेटवर 40 चॅनेल असली तरी आपल्या पट्ट्यात पहिली 27 च बसतात. सत्ताविसावं 27.275 वर आहे, अठ्ठाविसावं 27.285 वर, म्हणजे कुंपणाबाहेर. त्यामुळं 27 च्या पुढं बटण फिरवायचंच नाही असं ठरलंय. आमचं चॅनेल 14.

मी फाउंड्रीत हिशेब लिहिणारा माणूस, म्हणून आधी शिल्लक लिहून ठेवतो. मेव्हणा थार घेऊन कोल्हापूरच्या फुलेवाडी नाक्यावर थांबला, मी गगनबावडा रस्त्यानं निघालो. दर अर्ध्या किलोमीटरला बोलायचं आणि सेटवरचा सिग्नलचा मीटर वाचून वहीत लिहायचं. 1 किमीला स्वच्छ. 1.5 ला "दाजी, येतंय, खरं किर्रर्र वाजतंय". 2.4 ला, बालिंग्याच्या पुलाच्या अलीकडंच, सगळं संपलं. नुसती खरखर.

सव्वादोन-अडीच किलोमीटरसाठी एवढे पैसे घातले म्हणायचं तर घरात काय तोंड दाखवायचं!

9 ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवसांत पाच जणांना विचारलं. पाचही जणांनी एकच सल्ला दिला: बूस्टर लाव. एकानं तर 100 वॅटचा आणून द्यायची तयारी दाखवली.

रात्री वहीत गणित मांडलं. पॉवर चौपट केली की सिग्नल 6 डेसिबलनं वाढतो, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर काटा एक घर पुढं जातो. 5 चे 100 वॅट केले तर 13 डेसिबल, दोन घरं आणि वर थोडं. एवढ्यासाठी कायदा मोडायचा, बॅटरीतून ढीगभर अँपिअर ओढायचे, आणि तरी मेव्हण्याचं बोलणं मला आत्ता येतं तेवढंच येणार, कारण बूस्टर ओरडायला मदत करतो, ऐकायला नाही. अँटेनात जे सुधारेल ते जाताना आणि येताना दोन्हीकडं मिळेल. म्हणून सेट उघडायचा नाही, बूस्टर नाही. अँटेना, अर्थिंग आणि खरखर, एवढ्यावरच काम करायचं.

आत्ता अँटेना कुठं आहे? मागच्या बंपरवर. छताला भोक पाडायचं जिवावर आलं म्हणून तिथं लावली होती. सव्वा मीटरची काडी, त्यातली निम्म्याहून जास्त मागच्या दाराच्या पत्र्याआड. घरच्या सुनेनं पदराआडून बोलावं तसं चाललंय तिचं.

12 ऑक्टोबर, शनिवार. दसरा

काम नाही. गाडीची पूजा झाली. बायकोनं अँटेनालाही झेंडूची माळ घातली आणि म्हणाली, "आता तरी बोलेल."

13 ऑक्टोबर, रविवार

एसडब्ल्यूआर मीटर आला. अँटेनाकडून किती पॉवर उलट परततेय त्याचं हे माप, 1 म्हणजे काहीच परत नाही. सेट आणि अँटेनाच्या वायरीच्या मधे तो लावायचा. माइकचं बटण दाबून काटा शेवटच्या खुणेवर आणायचा, मग खटका पलीकडं टाकून उलट किती परततंय ते वाचायचं. 3 आकडा आला तर पाठवलेल्यातला चौथा हिस्सा परत येतो. 2 ला 11 टक्के, 1.5 ला 4 टक्के. म्हणून 1.5 च्या खाली आलं की त्याच्या मागं फार लागायचं कारण नाही. 3 च्या वर मात्र बटण जास्त वेळ दाबून धरायचं नाही, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जातो.

माझं वाचन: चॅनेल 1 वर 3.4, चॅनेल 14 वर 3, चॅनेल 27 वर 2.7.

खालच्या चॅनेलला जास्त आणि वरच्या चॅनेलला कमी, याचा अर्थ काडी आखूड पडते. उलटं असतं तर लांब. 27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटरची. तिचा पाव म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. ही झाली खरी मापाची अँटेना. नऊ फुटी काडी लावून मी रंकाळ्यावरनं गेलो तर लोक मासे धरायला निघालाय म्हणतील. म्हणून बाजारातल्या अँटेनात तारेचा वेटोळा घालून लांबी चोरलेली असते. लांबी चोरली की ताकदही थोडी जाते. तो सौदा आहे, आणि तो मला मान्य आहे.

गंमत अशी की मीटर लावलेला असताना बायकोनं मागचं दार उघडलं आणि काटा 3 वरून 3.8 वर गेला. दार लावलं, परत 3. म्हणजे गाडीचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे हे पुस्तकी वाक्य डोळ्यांनी बघितलं. दार बिजागरीवर लटकलेलं, बंपर रंगावर रंग चढवलेल्या बोल्टांवर टेकलेला. त्या अर्ध्या भागाचा कुणाला कुणाशी पत्ता नाही.

वायरीचं टोक उघडलं तर त्यातही गोम होती. पीएल-259 कनेक्टरच्या आत जाळी सोल्डर न करता नुसती दाबून बसवलेली. माझंच काम, घाईत केलेलं. केबलवाल्यानं टीव्हीची वायर फुकट देतो म्हणून सांगितलं. नको म्हणालो. ती 75 ओहमची, आपल्याला 50 पाहिजे. आणि तिची जाळी अॅल्युमिनिअमची, तिला सोल्डर धरत नाही. आरजी-58 नावाची 50 ओहमची वायर पाच मीटर आणली. एवढ्या लांबीत अर्धा डेसिबलही जात नाही, त्यामुळं महागड्या जाड वायरीचा नाद सोडला.

16 ऑक्टोबर, बुधवार

अँटेनाचा आटा तीन सूत, पण इंचाला 24 फेरे. लक्ष्मीपुरीत तीन सुती बोल्ट पोत्यानं मिळतात, त्यांचा आटा इंचाला 16. दहा एमएमचा तर जवळपासही बसत नाही. उद्यमनगरात एका लेथवर गेलो. मिस्त्री वयस्क, कानावर पेन्सिल.

"कशाचं हाय हे?"

"मामा, गाडीतल्या वायरलेसचं."

"पोलिसात हाईस व्हय?"

नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता वाढली. एसएसच्या बारमधून स्टड करून दिला, आटा हातानं डाय फिरवून काढला, आणि नायलॉनच्या तुकड्यातून खांदा असलेलं बुश. पैसे विचारले तर म्हणाले, "वाजला की सांग, मग दे." असली माणसं आहेत म्हणून उद्यमनगर आहे.

20 ऑक्टोबर, रविवार

छताला भोक पाडलं.

हे एक वाक्य लिहायला दोन आठवडे लागले. सोळा वर्षांची गाडी असली तरी चांगल्या पत्र्यावर ड्रिल ठेवताना हात कापतो. आधी कॅरिअर उतरवला, कारण अँटेनाच्या शेजारी उभा-आडवा लोखंडी पिंजरा ठेवून चालणार नव्हतं. आतलं लायनिंग दिव्याच्या बाजूनं सोडवून खाली वाकवलं. बरोबर मधोमध खूण केली. मधोमधच का, तर चारी बाजूंना सारखा पत्रा मिळतो आणि आवाज सगळीकडं सारखा जातो. कोपऱ्यात लावली तर गाडीचा जास्त पत्रा ज्या बाजूला, तिकडं झुकतो. आतल्या बाजूनं भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला.

बसवलं, मीटर लावला, बटण दाबलं. काटा धाडकन शेवटाला. एसडब्ल्यूआर अनंत! वायर बघितली, सोल्डर बघितलं, सेटच्या मागचं बघितलं. दीड तास. जेवण गार झालं. शेवटी अँटेना काढून मल्टिमीटर लावला, मधली तार आणि पत्रा यांच्यात टूंsss. मामांनी इतक्या प्रेमानं केलेलं नायलॉनचं बुश मी उलटं बसवलं होतं. खांदा वर, आणि स्टड खाली पत्र्याला टेकलेला. सुलटं केलं. दहा सेकंदांचं काम.

आता चॅनेल 1 वर 1.6, 14 वर 1.3, 27 वर 1.4. टोकाची छोटी सळई दोन-दोन मिलिमीटर सरकवत तिथवर आणली. मोजताना दारं बंद, गाडी अंगणातून रस्त्यावर काढलेली, वर लाइटच्या तारा नाहीत अशी जागा. घराच्या पत्र्याच्या शेडखाली हेच वाचन 2.1 येत होतं.

भोकाभोवती सिलिकॉन. पाच वाजता मेव्हण्याला फुलेवाडीत उभं केलं आणि निघालो. बालिंग्याचा पूल ओलांडला तरी "दाजी, टकाटक". 5.1 किमीला संपलं.

दुपटीच्या वर. सेटला हात न लावता. मिस्त्रीमामांचे पैसे देऊन आलो.

27 ऑक्टोबर, रविवार. थारची पाळी

थारला वर ताडपत्रीचा हुड. छताला पत्राच नाही, त्यामुळं माझी युक्ती तिथं चालत नाही. त्यानं अँटेना स्टेपनीच्या बाजूला पट्टी वाकवून लावलेली, आणि एसडब्ल्यूआर 1.2! माझ्यापेक्षा चांगला. हा गडी आठवडाभर मला तेच ऐकवत होता.

मला शंका होती. पट्टी काढली तर खाली रंग तसाच, अर्थिंग मिळतंय ते एका गंजक्या बोल्टातनं. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातले. विणलेल्या तांब्याच्या पट्टीचे तुकडे कापून अँटेनाची पट्टी ते बॉडी, बॉडी ते चासी, बॉनेट ते बॉडी, मागचं दार ते बॉडी आणि सायलेन्सर ते चासी असे पाच ठिकाणी जोडले. गोल वायरीपेक्षा रुंद पट्टी बरी, कारण इतक्या वरच्या वारंवारतेला करंट पृष्ठभागावरूनच वाहतो. तुकडे होतील तेवढे आखूड. सायलेन्सर रबरावर लोंबकळतो, तो लांब नळीसारखा इंजिनाचा सगळा कचरा हवेत सोडत असतो. त्याला विसरायचं नाही.

मीटर लावला. 1.2 चा झाला 1.8.

"बिघडवलासा दाजी! चांगलं चाललं होतं की."

"थांब, जा जरा बालिंग्याकडं."

गेला. आधीपेक्षा सव्वा किलोमीटर जास्त मिळालं, आणि माझ्या मीटरवर त्याचा काटा आधीच्या प्रत्येक ठिकाणी जवळजवळ एक घर वर. एसडब्ल्यूआर वाईट, आवाज चांगला. हे त्याला पटवायला अर्धा तास गेला, आणि मला स्वतःला नीट समजायला रात्र.

गोष्ट अशी. आखूड अँटेनाचा खरा, म्हणजे लहर बाहेर टाकणारा रोध अगदी थोडा असतो, दहा-पंधरा ओहमच्या आतच. सेटला पाहिजे 50. थारमधे बाकीचे ओहम गंजका बोल्ट पुरवत होता. बेरीज 50 च्या जवळ गेली, काटा खूश. पण त्या बोल्टात गेलेली पॉवर हवेत जात नाही, बोल्ट गरम करण्यात जाते. अर्थिंग सुधारल्यावर खोटे ओहम गेले आणि बेरीज 50 पासून लांब सरकली. 50 ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी मीटर 1 दाखवतो, आणि त्याचा आवाज अंगणाबाहेर जात नाही. मीटर फक्त एवढंच सांगतो की सेटला जोड मानवली. पुढं काय झालं ते त्याला माहीत नसतं.

लांबी परत जुळवून 1.4 वर आणलं. मेव्हणा अजून 1.2 ला मुकल्याच्या दुःखात आहे.

3 नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

मेव्हणा ओवाळून घ्यायला आला होता. जेवणं झाली आणि आम्ही दोघं सुपारी चघळत गाडीत. आज फक्त ऐकायचं काम. इंजिन चालू केलं की माझ्या सेटचा मीटर कुणी बोलत नसताना 7 वर उभा. म्हणजे त्याच्या खालचा कुठलाही आवाज त्या खरखरीत बुडणार. इतके दिवस मी आवाज पाठवण्यावर मरत होतो, आणि माझेच कान बुजलेले.

किल्ली काढली, सेट बॅटरीवर: 5. म्हणजे निम्मं भूत इंजिनात नाहीच. घराच्या बाजूचं असेल म्हणून गाडी ढकलून चौकात नेली. तरी 5. ढकलायला मेव्हणा होता हे बरं.

तेवढ्यात बायको ओवाळणीच्या पाकिटासकट मोबाइल न्यायला आली. तिनं सिगारेट लायटरच्या खाचेतला चार्जर ओढून काढला आणि खरखर एकदम गळाली. काटा 2 वर! आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

"परत लाव, ताई."

लावला, 5. काढला, 2. शंभर-सव्वाशे रुपयांचा चार्जर, आत सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होणारं सर्किट, त्यावर फिल्टर म्हणून काही नाही. किल्ली बंद असली तरी ही खाच चालूच राहते, म्हणून तो सदानकदा गुणगुणत होता. फेकून दिला. आता प्रवासात पॉवर बँक.

उरलेलं इंजिन चालू केल्यावर येणारं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळं पेट्रोलगाडीसारखी टिक-टिक नाही. पण रेस वाढवली की चढत जाणारी शीळ होती, म्हणजे अल्टरनेटर. सेटची लाल वायर मी डॅशबोर्डच्या फ्यूजबॉक्समधून घेतली होती, ती सोडवून थेट बॅटरीपर्यंत नेली. लाल आणि काळी दोन्ही बॅटरीवर, दोन्हींना बॅटरीपाशीच फ्यूज. शीळ जवळपास गेली. बोलताना सेटचा दिवा मंदावायचा तेही थांबलं. अल्टरनेटरच्या अर्थची नट गंजलेली होती, घासली.

थारच्या पुढच्या एलईडी पट्टीचं तेच. लावली की काटा 6 ला. खरखर अडवायला तिच्या वायरीवर फेराइटची कडी चिमटवून बघितली, काही फरक नाही. मग तीच वायर कडीतून सहा वेळा ओवली तेव्हा काटा 4 वर आला. एका फेऱ्यानं 27 मेगाहर्ट्झला फारसं काही होत नाही, फेरे वाढवावे लागतात. बाकी उपाय सोपा: बोलताना पट्टी बंद.

इंजिन चालू, चार्जर नाही, पट्टी बंद: माझा काटा 2, थारचा 3.

10 नोव्हेंबर, रविवार

मोठी चाचणी. शहरात प्रचाराच्या रिक्षांनी कान किटले होते, म्हणून सकाळी सातलाच फुलेवाडी गाठलं.

दोन्ही गाड्या नव्या जोडणीनं. 5, 6, 7 किमी स्वच्छ. 7.5 ला मेव्हणा गप्प. मी बोलतोय, उत्तर नाही. पाच मिनिटांनी फोन केला.

"कुठं बोललासा? मी कवाचा ऐकत बसलोय."

विचारत विचारत कळलं की त्यानं स्क्वेल्च पार पिळून ठेवलं होतं, खरखर नको म्हणून. स्क्वेल्च म्हणजे दाराची कडी. ठरावीक ताकदीच्या खालचा सिग्नल आला की स्पीकर उघडतच नाही. माझा आवाज त्याच्या दारात येऊन उभा होता. "खरखर ऐकू येईपर्यंत उलटं फिरव, मग जरा, अगदी जरासं पुढं." त्यानं फिरवलं आणि पहिलं वाक्य आलं, "आयला, आलं की!"

नऊ किलोमीटर. सांगरूळ फाट्याच्या पुढं, दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस, आणि शब्द न शब्द कळतोय.

माइकचंही लिहून ठेवतो. आपल्याकडं लांब बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं अशी समजूत आहे. मेव्हणा माइक ओठाला लावून तालमीत शड्डू ठोकल्यासारखा गर्जतो, आणि पलीकडं नुसता फाटका गोंगाट येतो. आपले सेट एएम पद्धतीचे, त्यात आवाज ठरावीक मर्यादेपर्यंतच लहरीवर बसतो, वरचा कापला जातो. तोंडापासून चार बोटं लांब, जरा तिरका, आणि घरात बोलतो तसं. हे केल्यावर 8 किमीच्या पुढचं बोलणं कळायला लागलं.

याच्या पुढं सपाटीवर किती जाईल? दोन्ही अँटेना जमिनीपासून दोन-दोन मीटरवर धरल्या तर दोघांच्या उंचीची वर्गमुळं मिळवून 4.12 नं गुणायचं. साडेअकरा किलोमीटर. तिथं पृथ्वीची गोलाई आडवी येते. थोडं वाकून पुढं जातं, पण क्षीण होत. त्यामुळं नऊवर मी समाधानी आहे.

17 नोव्हेंबर, रविवार. पन्हाळा

उंची वाढवली तर काय होतं ते बघायला. केर्ली, वाघबीळ, वर. मेव्हण्याला उजळाईवाडीत विमानतळाच्या रस्त्याला थांबायला सांगितलं. नकाशावर सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. गेल्या रविवारच्याच सूत्रात एका बाजूला 300 मीटर घातले तर 77 किलोमीटर येतात, म्हणजे गणितानं हे अंतर किरकोळ.

सकाळी साडेआठ, पूर्वेच्या बाजूला मोकळ्यावर गाडी लावली. खाली धुकं, त्यातनं वर आलेला जोतिबाचा डोंगर.

"उजळाईवाडी, येतंय काय?"

"दाजी, शेजारी बसल्यागत येतंय."

काटा 6. त्याच चार-पाच वॅटवर. नऊ किलोमीटरला सपाटीवर 3 होता. बूस्टरवाल्याला फोन करावा असं मनात आलं, पण आवरलं.

साडेअकराच्या सुमाराला मात्र चॅनेल 14 वर कुणीतरी परकी माणसं भांडत असल्यासारखी बोलायला लागली. भाषा कळेना. मग एकाचे तीन झाले, तिनाचे पाच. खालून मेव्हणा ओरडतोय, त्यातलं अर्धं या गलक्यात बुडालं. हा स्किप. सूर्य या वर्षी, 2024 ला, त्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याच्या शिखराजवळ आहे, त्यामुळं आकाशातला आयनोस्फिअरचा थर 27 मेगाहर्ट्झच्या लहरी आरशासारख्या खाली परतवतो आणि हजारो किलोमीटरवरचं इथं येऊन पडतं. हौशी लोकांना याचा आनंद असतो. आम्हाला ताप. अशा वेळी अँटेना कितीही चांगली असली तरी जवळचा माणूस हरवतो, कारण चांगली अँटेना लांबचा गोंगाटही चांगलाच ऐकते. चॅनेल 22 वर सरकलो, तिथं जरा बरं. ठरवलं: 14 भरलं की न विचारता 22.

15 डिसेंबर, रविवार. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट

ज्यासाठी हे सगळं केलं तो दिवस. पहाटे निघालो. राधानगरीपर्यंत दोन्ही गाड्यांत कधी 3, कधी 6 किलोमीटरचं अंतर, बोलणं सुरूच. धरणाच्या पुढं रस्ता डोंगरात शिरला आणि एका वळणाआड आवाज चिरकला, पुढच्या वळणाला परत आला. लक्ष्मी तलावाच्या कडेनं पाण्यावरून फार लांबचं स्वच्छ येत होतं.

अभयारण्यात सेटचे आवाज बारीक. गवे दिसले, लांबून, झाडीच्या कडेला पाच.

घाटात काय मिळालं ते प्रामाणिकपणे लिहितो. दीड किलोमीटर, कुठं दोन. एका जागी, जिथं रस्ता डोंगराच्या नाकाला वळसा घालतो, तिथं 700 मीटरला बंद. मधे खडकाची अख्खी सोंड, तिच्यापुढं अँटेना काय करणार? घाटात आम्ही नियम केला: पुढच्या गाडीनं दरी उघडी दिसेल अशाच वळणावर थांबून बोलायचं आणि मागच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. चौथ्या थांब्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, थांबा जरा, गाडी एका अंगाला ओढालीय." उजवं पुढचं चाक हवा सोडत होतं. मी परत फिरून दहा मिनिटांत त्याच्याजवळ. जॅकचा दांडा या वेळी त्याच्याच गाडीत होता, पण हवेचा पंप माझ्याकडं.

29 डिसेंबर, रविवार

काल गाडी प्रेशरनं धुतली. आज सहज मीटर लावला तर एसडब्ल्यूआर 2.4. छताचं लायनिंग परत खाली. स्टडखालच्या कनेक्टरमधे पाण्याचे थेंब, जाळी हिरवट पडायला लागलेली. सिलिकॉन मी वरून भरलं होतं, पण एका बाजूला केसाएवढी फट राहिली होती. आरजी-58 मधे पाणी शिरलं की ते जाळीच्या आतनं वाटेल तेवढं लांब पळतं, त्यामुळं वाळवत न बसता शेवटची वीतभर वायर कापली. नवा पीएल-259, या वेळी जाळीला चारी भोकांतनं सोल्डर. त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून दोन थर, वर साधी काळी टेप.

आता 1.4. बादलीभर पाणी छतावर ओतून अर्ध्या तासानं मोजलं, 1.4 च.

मेव्हण्याला फोन केला की थारच्या कनेक्टरवर टेप नाही, पुढच्या रविवारी ये. म्हणाला, "आमचं 1.2 असतं तर पाणी शिरलंच नसतं."